त्याच्या हातांसाठी मागितलेली दुआ

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठीच आहे, ज्याने आम्हाला जीवन दिले आणि ज्याच्याकडे आपणा सर्वांना परतायचे आहे. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना साऱ्या विश्वासाठी कृपा म्हणून पाठविण्यात आले.



मशिदीच्या इमामाला अनेक प्रश्न विचारले जातात. वजू, जकात, वारसा, तलाक यांविषयी लोक सर्वांसमक्ष विचारतात. एक प्रश्न मात्र सगळे नमाजी निघून गेल्यावर, दबक्या आवाजात येतो : ‘‘मौलाना, ज्याने स्वतःच आपला जीव घेतला, त्याची जनाज्याची नमाज होते का?’’ या प्रश्नाचे उत्तर शरीअतमध्ये आहे आणि ते पुढे येईलच. परंतु त्याच्या आधी येणारा एक प्रश्न आमच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो : ‘‘मौलाना, माझा भाऊ कित्येक रात्री झोपलेला नाही. आता जगण्यात काही उरले नाही, असे म्हणतो. मी काय करू?’’ पहिला प्रश्न विचारला जातो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. दुसरा प्रश्न विचारला गेला, तर अल्लाहच्या इच्छेने एखादा जीव वाचू शकतो. तो प्रश्न विचारण्याचे धैर्य आमच्या घरांत यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महामारीने मागे काय ठेवले?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमच्या नवी मुंबईत ज्यांचे हातावर पोट होते, त्यांची रोजी एका रात्रीत थांबली. तुर्भे, घणसोली, तळोजा, पनवेल या भागांत शिवणकाम करणारे, भंगार गोळा करणारे, गॅरेजमधील कारागीर, रिक्षाचालक, माथाडी आणि फेरीवाले मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी अनेकांच्या पोटाचा आधार असलेली वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती मे महिन्यात ११ ते १७ तारखेपर्यंत पूर्ण बंद ठेवावी लागली. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा मांडून रुग्णालय उभारावे लागले. कोकणी मुस्लिम घरांतील कित्येक कर्ते पुरुष आखाती देशांत अडकून पडले. कोणाची नोकरी गेली, कोणाला आईच्या दफनविधीलाही येता आले नाही.

हे दुःख सर्वधर्मीय श्रमिकांच्या वाट्याला आले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० साली देशात १,५३,०५२ लोकांनी आत्महत्या केल्या, तर २०२१ मध्ये हा आकडा १,६४,०३३ झाला. या दोन्ही वर्षी सर्वाधिक आत्महत्या आपल्या महाराष्ट्रात झाल्या : आधी १९,९०९ आणि नंतर २२,२०७. २०२१ मध्ये जीव देणाऱ्यांतील प्रत्येक चौथी व्यक्ती रोजंदारीवर जगणारी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले.

मुस्लिम श्रमिकाच्या पाठीवर याच ओझ्याच्या जोडीला आणखी एक ओझे आले, ते संशयाचे. दिल्लीच्या निजामुद्दीन मर्कजची बातमी आल्यानंतर जणू रोगालाच धर्म चिकटविला गेला. भाजी विकणाऱ्याला आधी नाव विचारले जाऊ लागले. एप्रिल २०२० मध्ये अकोल्याच्या शासकीय रुग्णालयात उपचार घेत असलेल्या, जमातीशी संबंधित अशा परराज्यातील एका तरुणाने स्वतःचे जीवन संपविले. त्याच महिन्यात हिमाचल प्रदेशच्या उना जिल्ह्यात एका मुस्लिम ग्रामस्थाने जीव दिला; त्याची तपासणी झाली होती आणि त्याला संसर्ग नसल्याचे निष्पन्न झाले होते, तरी गावकऱ्यांच्या टोमण्यांतून त्याची सुटका झाली नव्हती. माणूस जीव का देतो याला सहसा एकच कारण नसते. तरीही आजार, एकटेपणा आणि लोकांची नजर हे तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा मन किती एकाकी होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविले गेल्याची शक्यता बोलून दाखविली. न्याय मिळाला, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु न्यायालयाचा निकाल कागदावरचा डाग पुसतो. मनावरचा डाग पुसायला माणसे लागतात.

त्यातच मृत्यूचीही रीत बदलली होती. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मरण पावलेल्या सर्वांचे दहन करण्याचा आदेश काढला आणि तो त्याच दिवशी मागे घेतला. वांद्रे येथील कब्रस्तानाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली. मधल्या काळात कित्येक वृद्धांनी ‘आपल्याला कबर तरी मिळेल ना?’ या चिंतेत रात्री काढल्या. ज्यांना कबर मिळाली, त्यांच्यापैकी अनेकांना मुलांच्या हातचे गुस्ल मिळाले नाही. ज्या मशिदीत जाऊन रडता आले असते, तिची दारे १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद होती. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. दारे उघडली, सफा पुन्हा भरल्या. परंतु त्या सफांत उभ्या राहिलेल्या कित्येकांच्या आतले दार अजून बंदच आहे. त्या काळातले कर्ज फिटलेले नाही, ते अश्रू वाहिलेले नाहीत.

मनाईच्या आत दडलेली कृपा

इस्लाममध्ये आत्महत्या हराम आहे, यात कोणताही मतभेद नाही. जीवन ही अल्लाहची अमानत आहे. बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत स्वतःचा जीव घेणाऱ्याविषयी अत्यंत कठोर इशारे आलेले आहेत. ते इशारे सौम्य करण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाही नाही.

परंतु ही मनाई पवित्र कुरआनात कोणत्या शब्दांच्या सोबतीने आली आहे, ते आपण पाहिले पाहिजे. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःला ठार करण्यास मनाई आहे आणि त्याच आयतीचा शेवट, अल्लाह तुमच्यावर दयाळू आहे, या आशयाने होतो. म्हणजे मनाईचे कारणच दया आहे. कड्याच्या काठावर कुंपण घालणारा माणूस वाटसरूचा शत्रू नसतो.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. याच आयतीच्या आरंभी एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका, अशी आज्ञा आहे. तसेच ‘स्वतःला मारू नका’ या शब्दांचा ‘एकमेकांना मारू नका’ असाही अर्थ भाष्यकारांनी सांगितला आहे. हे सारे एकाच आयतीत असणे विचार करायला लावणारे आहे. टाळेबंदीत ज्याने कारागिराची मजुरी बुडविली, ज्याने अडलेल्या माणसाकडून व्याज वसूल केले, ज्याने भावाचा हिस्सा दाबून ठेवला, त्यानेही ही आयत स्वतःसमोर ठेवून वाचावी. आम्ही तिचा मधला भाग मिंबरवरून दुःखी माणसाला ऐकवितो. तिचा आरंभ मात्र बाजारात कोणी कोणाला ऐकवीत नाही.

दुःखी असणे म्हणजे ईमान कमकुवत असणे काय?

‘‘पाच वेळची नमाज पढतोस, मग तुला कसले नैराश्य?’’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु ऐकणाऱ्याला वाटते की आपले मन तर बिघडलेच, आता आपले ईमानही गेले. तो गप्प होतो, आणि ही शांतता धोक्याची असते.

सूरह यूसुफ पाहा. पुत्रवियोगाच्या दुःखाने प्रेषित याकूब (अ.) यांच्या डोळ्यांची ज्योत गेली. मुले त्यांना म्हणाली की यूसुफची आठवण काढता काढता तुम्ही झिजून जाल किंवा मरून जाल. याकूब (अ.) यांनी आपले दुःख नाकारले नाही. आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे मी अल्लाहकडेच मांडतो, असे सांगून त्यांनी मुलांना यूसुफचा शोध घेण्यास पाठविले आणि अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका, असे बजावले. डोळ्यांत अश्रू आणि अंतःकरणात आशा, दोन्ही एकाच प्रेषिताच्या ठायी एकत्र नांदले.

आणि सूरह मर्यम पाहा. प्रसववेदनांनी व्याकूळ, एकट्या, लोकांच्या आरोपांच्या भीतीने ग्रासलेल्या हजरत मर्यम (अ.) यांच्या तोंडून, याआधीच मी मेले असते आणि विस्मरणात गेले असते तर बरे, अशा अर्थाचे शब्द निघाले. यावर आकाशातून काय उत्तर आले? त्यांची निर्भर्त्सना झाली नाही. दुःख करू नकोस, असा धीर देण्यात आला. पायाशी झरा आणि डोक्यावर पिकलेले खजूर असल्याचे सांगण्यात आले. खा, पी, डोळे निवव, आणि कोणी भेटलाच तर आज मी मौनाचा रोजा धरला आहे असे सांग, असे शिकविण्यात आले. थकलेल्या जिवाला आधी पाणी मिळाले, मग अन्न मिळाले, मग लोकांना उत्तरे देत बसण्यापासून सुटका मिळाली. मरण बरे म्हणणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याचा याहून स्पष्ट धडा मला ठाऊक नाही. आपण मात्र अशा माणसाला आधी उपदेश देतो आणि पाण्याचे विचारायचे विसरून जातो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी संकटामुळे मरणाची इच्छा करण्यास मनाई केली. परंतु त्याच हदीसमध्ये, ज्याला राहवतच नाही त्याच्यासाठी त्यांनी एक दुआ शिकविली. तिचा आशय असा की, हे अल्लाह, जोवर जगणे माझ्या भल्याचे आहे तोवर मला जगव आणि जेव्हा मरण माझ्या भल्याचे असेल तेव्हाच मला ने. म्हणजे असा विचार श्रद्धावंताच्याही मनात येऊ शकतो, हे प्रेषितांना (स.) ठाऊक होते. त्यांनी त्या विचाराला दुआची वाट दाखविली.

तुफैल (रजि.) यांचा सोबती

आता त्या दबक्या आवाजातील प्रश्नाकडे येऊ. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून एक घटना आली आहे. दौस कबिल्याचे तुफैल बिन अम्र (रजि.) हिजरत करून मदीनेस आले. त्यांच्यासोबत त्यांच्याच कबिल्यातील एक माणूस होता. त्याला मदीनेची हवा मानवली नाही. तो आजारी पडला, आजाराने कासावीस झाला आणि सहनशक्ती संपून त्याने स्वतःच्या हातांनी स्वतःला अशी इजा केली की त्यात त्याचा अंत झाला.

पुढे तुफैल (रजि.) यांना तो स्वप्नात दिसला. त्याचे रूप उत्तम होते, परंतु त्याने आपले हात झाकून घेतले होते. त्याने सांगितले की प्रेषितांकडे हिजरत केल्यामुळे अल्लाहने मला क्षमा केली. मात्र हातांविषयी, जे तू स्वतः बिघडविलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही, असे मला सांगण्यात आले. तुफैल (रजि.) यांनी हे स्वप्न प्रेषितांना (स.) सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) दुआ केली, की हे अल्लाह, त्याच्या हातांनाही क्षमा कर.

बंधूंनो, तो माणूस कोण होता? परमुलखात आलेला एक स्थलांतरित, ज्याला हवा मानवली नाही, जो आजारी पडला आणि खचला. आमच्या वस्त्यांना ही कथा परकी नाही. झाकलेले हात आम्हाला सांगतात की ते कृत्य मोठे पाप होते. आणि प्रेषितांची (स.) दुआ सांगते की त्या पापानंतरही उम्मतचे काम संपत नाही. प्रेषितांनी (स.) त्या मृताच्या ईमानाची चौकशी केली नाही, जे राहून गेले होते, तेवढे अल्लाहकडे मागितले. इमाम नववी (रह.) यांनी या हदीसवरून स्पष्ट केले आहे की असा मुस्लिम ईमानाबाहेर जात नाही, त्याचा निर्णय अल्लाहच्या इच्छेवर सोपविलेला आहे.

म्हणून प्रश्नाचे उत्तर असे : होय, त्याला गुस्ल दिले जाईल, कफन दिले जाईल, जनाज्याची नमाज पढली जाईल आणि मुस्लिमांच्या कब्रस्तानात त्याचे दफन होईल. आमच्या शहरात कोकणी बांधव शाफिई मसलकाचे आहेत, तर उत्तरेकडून आलेले बहुतांश हनफी. या बाबतीत दोहोंकडे नमाज पढण्याचाच निर्णय आहे. अशा एका व्यक्तीच्या जनाज्याची नमाज प्रेषितांनी (स.) स्वतः पढविली नाही, ही हदीसही सहीह मुस्लिममध्ये आहे. बहुसंख्य विद्वानांनी तिचा अर्थ असा घेतला की लोकांना या कृत्यापासून परावृत्त करण्यासाठी ते स्वतः दूर राहिले; इतरांना त्यांनी रोखले नाही. तेव्हा शोकाकुल आईच्या दारात उभे राहून ‘‘तो तर जहन्नमी’’ असे उद्गार काढण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? अल्लाहचा निर्णय अल्लाहकडेच राहू द्या. आपल्या वाट्याला दुआ आली आहे.

औषध घेणे हेही तवक्कुल

प्रेषितांनी (स.) उपचार घेण्याची आज्ञा दिली आणि प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय ठेवल्याचे सांगितले. त्यातून मनाचे आजार वगळलेले नाहीत. बुखारीमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून तल्बीना या जवाच्या पेजेचा उल्लेख आहे, ती रुग्णाच्या मनाला आराम देते आणि काही दुःख हलके करते, असे प्रेषित (स.) म्हणाले. चौथ्या हिजरी शतकात निवर्तलेले अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि कारण असलेले दुःख व कारण न दिसणारे दुःख यांत फरक केला. १२८४ साली कैरोत उभारलेल्या कलाऊनच्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे ही परक्यांची रीत आहे, असे समजणाऱ्यांना आपलाच वारसा ठाऊक नसतो.

दम-दुआ अवश्य करावी. ती सुन्नत आहे. परंतु ‘आसेब’ आहे असे सांगून कोणी औषध बंद करावयास लावत असेल, तर त्याचे ऐकू नये. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधून ठेवलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मरण पावले. दर्ग्याच्या आशेने घरच्यांनी त्यांना तेथे ठेवले होते. श्रद्धेच्या नावाने रुग्णाला बेड्या घालणे हा त्याच्यावरचा अन्यायच आहे. रमजानात मनाच्या आजाराची औषधे चालू असतील तर स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. काही औषधांत शरीरातील पाणी कमी होणे अपायकारक ठरते. आधी डॉक्टरांना, मग आलिमांना विचारावे. रुग्णाला रोज्याची सवलत कुरआनानेच दिली आहे.

पोलिसांच्या भीतीने कित्येक कुटुंबे अशी घटना लपवितात आणि वाचलेल्या माणसावरही उपचार करीत नाहीत. हे ध्यानात ठेवावे, की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. ज्याला खर्च झेपत नाही त्याच्यासाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावला, तर ती सदका-ए-जारिया ठरेल.

मशिदीत अवेळी बसलेला माणूस

सुनन अबू दाऊदमध्ये अबू उमामा (रजि.) नावाच्या अन्सारी सहाबींचा प्रसंग आहे. प्रेषित (स.) मशिदीत आले तेव्हा नमाजची वेळ नसताना ते तेथे बसलेले दिसले. अशा अवेळी येथे का बसला आहात, असे प्रेषितांनी (स.) विचारले. चिंता आणि कर्ज यांनी मला घेरले आहे, असे त्यांनी सांगितले. मग प्रेषितांनी (स.) त्यांना सकाळ-संध्याकाळ पढण्याची दुआ शिकविली, जिच्यात चिंता, दुःख, असहायता आणि कर्जाचे ओझे यांपासून अल्लाहचे संरक्षण मागितले आहे. ती दुआ आज आम्हा सर्वांना पाठ आहे. परंतु दुआच्या आधी प्रेषितांची (स.) नजर होती आणि त्यांचा प्रश्न होता. ही सुन्नत मात्र आम्ही विसरलो.

ती पुन्हा जिवंत करू या. सफेत नेहमी दिसणारा माणूस दिसेनासा झाला, तर त्याच्या घरी जा. कोणी निरवानिरवीची भाषा करू लागला, प्रिय वस्तू वाटून टाकू लागला, झोप आणि जेवण सोडून बसला, तर त्याला शांतपणे व स्पष्टपणे विचारा : ‘‘तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’’ असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. तो ‘हो’ म्हणाला, तर वाद घालू नका, फतवा सुनावू नका. ऐकून घ्या, त्याला एकटे सोडू नका, ज्याने अपाय होईल ते घरातून दूर करा आणि त्याच्या सोबत डॉक्टरांकडे जा. त्याचे गुपित अमानत म्हणून सांभाळा. कर्ज हे कारण असेल, तर कुरआनाने जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी माणसाची गणना केली आहे, हे मशिदीच्या विश्वस्तांनी आठवावे. २०२० च्या ईदच्या सुमारास इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपयांच्या देणग्या गोळा करून शासकीय रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला आणि तो सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी खुला झाला. शरीरासाठी हे घडू शकले; मनासाठीही घडू शकते. आठवड्यातून एक दिवस समुपदेशकाला बसता येईल एवढी एक खोली पुष्कळ मशिदींत सहज निघेल.

आणि जो हा लेख स्वतःच त्या अंधारात बसून वाचत असेल, त्या भावाला, त्या बहिणीला माझे सांगणे आहे : तुमच्या मनात तो विचार आला म्हणून तुम्ही ईमानाबाहेर गेलेले नाही. अल्लाहने हजरत मर्यम (अ.) यांना रागावले नाही. आज फक्त एकच काम करा. एका माणसाला खरे सांगा. घरातल्याला सांगा, शेजाऱ्याला सांगा, मशिदीच्या इमामाला सांगा, किंवा १४४१६ वर फोन करा. बाकीचे उद्या पाहू. सूरह अज़-ज़ुमरच्या ५३ व्या आयतीत अल्लाह ज्यांना निराश होऊ नका म्हणतो, त्यांना ‘माझे दास’ म्हणूनच हाक मारतो. ती हाक तुम्हालाही आहे.

हे अल्लाह, महामारीत जे आमच्यातून गेले त्यांच्यावर कृपा कर. जे दुःखाच्या भाराने स्वतःच्या हातांनी गेले, त्यांना क्षमा कर आणि त्यांच्या हातांनाही क्षमा कर. जे अजून झुंजत आहेत त्यांना शिफा दे, आणि आम्हाला त्यांच्याकडे पाहणारी नजर दे. आमीन.